पंच्याण्णव किलोंचा भाऊ

भाऊबीजेच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी चौलहून सायकल काढली, तेव्हा बायको दारात उभी राहून मोटरकडे बघत होती. माझ्याकडे नाही, मोटरकडे. "सांभाळून हो," असं ती म्हणाली ते मला की मोटरला, हे मी विचारलं नाही. मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलेली मोटर, दांडीला बॅटरी, हँडलवर आगपेटीएवढा पडदा, आणि कॅरिअरवर आक्काची साडी, चकल्यांचा डबा नि पिशवीभर वाल. सगळा लवाजमा घेऊन मी निघालो. मोटर बसवून चारच दिवस झाले होते.

मी लग्नाकार्यांत स्वयंपाक करणारा आचारी. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या चुली थंड असतात, म्हणून गेली बावीस वर्षं मी भाऊबीजेला दिवेआगरला आक्काकडे सायकलनेच जातो. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून ती तिथल्या वाडीत (नारळ-पोफळीच्या बागेत) एकटी राहते. रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याला बोटीतून खाडी ओलांडायची, पलीकडे दिघी आणि मग दिवेआगर. सगळा अर्ध्या दिवसाचा रस्ता. पूर्वी मी तो हसतखेळत करायचो. मग अंगावर मांस चढलं, गुडघ्यांतलं वंगण गेलं, आणि मागच्या वर्षी निम्म्या चढणी मी चालत चढलो.

सायकल सोडून एसटीने जा, असं सगळे म्हणतात. त्यांना पाच-सहा वर्षांपूर्वीचं ते वादळ आठवत नाही. त्या जूनमध्ये दिवेआगर होत्याचं नव्हतं झालं. फोन बंद, बोट बंद, रस्त्यावर झाडंच झाडं. मी रोहा, माणगाव, म्हसळा असा वळसा घालून निघालो. जिथे खोड आडवं पडलं होतं तिथे सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे उतरायचं आणि पुन्हा टांग मारायची. दोन दिवस लागले. पोचलो तेव्हा आक्काच्या घरावर कौल नव्हतं आणि वाडीतल्या सगळ्या पोफळी एका कुशीवर निजल्या होत्या. मी तांदूळ, मेणबत्त्या आणि काडेपेट्या पुढे केल्या. आक्का रडली नाही. म्हणाली, "सायकल आत घे, भिजेल." माझ्याआधी तिच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, आणि हे ती विसरलेली नाही.

त्यानंतर तिने नवी रोपं लावली. यंदा त्यांना पहिली सुपारी धरली. आणि यंदाच तिची मुलगी नंदा आणि जावई तिला कायमचं पुण्याला न्यायचं म्हणून हट्टाला पेटले. वाडी कुणाला तरी देऊन टाकायची. दसऱ्याला आक्काचा फोन आला. तिने मला सरळ सांगितलं, की वसंता, इतकी वर्षं मी नंदाला म्हणत होते, काही झालं तर भाऊ येतो. आता तुझेच गुडघे गेले. भाऊबीजेला ती दोघं येतायत, तेव्हा काय ते ठरवू. म्हणजे मी सायकलवर बसून पोचलो तर आक्का वाडीत राहणार, टेम्पोत सायकल टाकून पोचलो तर ती पुण्याला जाणार. इतकं साधं गणित होतं.

म्हणून मी अलिबागला जाऊन मोटरचं किट घेतलं. आता खरं सांगायला हवं. दुकानातल्या मुलीने चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "काका, वजन किती?" आणि माझ्या तोंडून गेलं, "पंच्याण्णव." ते माझं वजन होतं, नाही असं नाही. धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात होतं. त्या मेव्हण्याचा मुलगा आता दहावीला आहे. मुलगी म्हणाली, मग ही छोटी मोटर बस्स झाली, शंभर किलोपर्यंत आरामात ओढते. बायको शेजारी उभी होती आणि काही बोलली नाही. ती गप्प राहते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

रेवदंड्यापर्यंत मोटरने मला राजासारखं नेलं. साळावच्या पुलावर उजाडलं. खाडीवर धुकं होतं, खालून एक होडी टुकटुक करत बाहेर निघाली होती, आणि मी नुसते पाय फिरवल्यासारखे करत होतो. कोर्लईचा किल्ला उजव्या हाताला गेला. गुडघा बोलत नव्हता. मला गाणं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलंही, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

काशीदच्या अलीकडे चढण लागली आणि गाणं थांबलं. पडद्यावरचा आकडा आधी उतरला, मग लुकलुकायला लागला. मोटर कण्हली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. मी उतरून तुंब्याला हात लावला तर तो तापलेल्या तव्यासारखा चटकला. वरून करपलेल्या फोडणीचा वास. आचाऱ्याला हा वास ओळखायला वेळ लागत नाही. मुंबईकडच्या गाड्या एकामागून एक वर चालल्या होत्या, छपरातून डोकी काढून पोरंबाळं आरडाओरडा करत होती. त्यांतल्या एकीने मला हात केला. मीही केला. काय करणार?

मोटर थंड होईपर्यंत मी टपरीवर दोन वडापाव खाल्ले. बटाट्यात आलं कमी होतं, हे तिथे सांगून आलो. सपाटीवर मोटर पुन्हा चालू झाली, पुढच्या चढणीला पुन्हा बसली. नांदगावपर्यंत हा खेळ तीनदा झाला. मी अलिबागच्या दुकानाला शिव्या दिल्या, मोटर बनवणाऱ्याला दिल्या, रस्ता बनवणाऱ्याला दिल्या. एक माणूस सोडून सगळ्यांना दिल्या.

मुरूडहून पुढे समुद्रात जंजिरा दिसतो. दरवर्षी मी तिथे पाच मिनिटं थांबतो. यंदा थांबलो नाही. आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचायला बारा वाजले. एरवी यावेळी मी आक्काच्या अंगणात असतो, आणि मला ओवाळल्याशिवाय ती घास घेत नाही. वय बासष्ट की त्रेसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, पण ऐकेल तर शपथ.

बोटीत गाड्यांच्या मधल्या जागेत मी सायकल धरून उभा राहिलो. शेजारी दिघीची एक कोळीण रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. मुरूडला म्हावरं (मासळी) विकून परत चालली होती. तिला सगळे हिराताय म्हणत होते. मोटर लावलेली सायकल मी धक्क्यावरून ढकलत आणली हे तिने पाहिलं होतं. मी मोटरच्या नावाने रडगाणं सुरू केलं. तिने ते ऐकून घेतलं आणि मला डोक्यापासून चपलांपर्यंत असं न्याहाळलं, जसा काही मी बर्फावर ठेवलेला मासा होतो.

"एकशेवीस," ती म्हणाली. "जास्तीच आसंल दादा, कमी न्हाय. मी रोज डोल्यानं तोलते."

मी म्हणालो, पंच्याण्णव. ती हसली नाही की भांडली नाही. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा करतात तसा चेहरा केला आणि समुद्राकडे बघत बसली. उतरताना मात्र स्वतःहून सांगितलं, की कासमभाईकडं जा. माज्या तीनचाकीला मोटर त्यानंच लावली. मशिदीच्या मागं, पत्र्याची शेड हाय.

कासमभाई साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी, कानाला पेन्सिल. वीस वर्षं कुवेतमध्ये एका शीतगृहात बॅटरीवर चालणाऱ्या माल वाहायच्या गाड्या दुरुस्त करत होते. आता दिघीत येऊन सायकली आणि तीनचाक्यांना मोटरी बसवतात. मी कोण, कुठला, कुठे निघालो, बहीण उपाशी बसलीय, सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका नको तोच.

"वजन किती हाय तुमचा?"

हिरातायने एवढं तोंडावर सांगूनही मी म्हणालो, "पंच्याण्णव." माणसाची जीभ एकदा वळणाला लागली की लागली.

कासमभाईंची पद्धत वेगळी. किटाच्या खोक्यावर काय छापलंय ते ते वाचत नाहीत. गिऱ्हाइकाचं वजन विचारतात, त्यातून स्वतःचं वजा करतात, उरलेल्या वजनाची वाळू पोत्यात भरून सायकलीला बांधतात आणि गावामागची खिंड स्वतः चढून बघतात. त्यांचं वजन पंचावन्न. काट्यावर चाळीस किलो वाळू तोलली, दोन पोत्यांत विभागून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आवळली, आणि माझ्या सायकलवर बसून गेले. मी शेडमध्ये बसून मोटर बंद पडल्याची वाट बघत राहिलो. बंद पडली की कासमभाई चालत येतील, मग आम्ही दोघं मिळून त्या मोटरला नावं ठेवू, असा माझा बेत होता.

ते वीस मिनिटांनी सायकलवर बसूनच परत आले.

"चढली," ते म्हणाले. "हळू चढली, पण वरपर्यंत गेली. मोटर चांगली हाय. दुकानवाल्यानं फसवला नाय तुम्हाला."

मी म्हणालो, मग माझ्याखाली का थांबते? त्यांनी वाळूची पोती सोडवली, हात धुतले, स्टोव्हवर चहा ठेवला. चहाला उकळी आली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. दिवेआगरला निरांजन तयार असेल, पाट मांडलेला असेल, नंदा आईला म्हणत असेल, बघितलंस ना, नाही येत मामा.

"कासमभाई," मी म्हणालो, "पंच्याण्णव नाही. एकशे एकवीस."

हसायला हवं होतं त्यांनी. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, कानावरची पेन्सिल काढून फळीवर बेरीज केली आणि सव्वीस किलो वाळू आणखी तोलली. ती पुढे दांडीवर बांधली आणि पुन्हा गेले. यावेळी दहा मिनिटांत आले, सायकल ढकलत. दुसऱ्या वळणावर मोटर बसली होती. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. आता ते वजन मी एकटा वाहत नव्हतो.

मग त्यांनी चहा पुन्हा गरम करून हातात देत विचारलं, "तुम्ही आचारी ना? यजमानानं सांगितला दोनशे पानं, आणि आली अडीचशे माणसं. भात कमी पडला. दोष कोनाचा, आचाऱ्याचा?"

हे मला विचारावं! ज्या यजमानांनी पानं कमी सांगून माझी अब्रू काढली, त्यांची यादी मला तोंडपाठ आहे. प्रत्येकाला मी हॉलच्या मागे नेऊन झापलं आहे. खरा आकडा सांगायला काय जातं तुमचं, दोन पातेली जास्त चढवली असती, हे माझंच वाक्य. गेली कित्येक वर्षं मी ते लोकांना ऐकवतोय आणि इथे एका मोटरला सव्वीस पानं कमी सांगून बसलोय. मी कान पकडले. मग कासमभाई हसले.

त्यांनी मला समजावलं ते थोडक्यात असं. चाकातल्या मोटरला एकच चाल असते, चढण असो की सपाटी. जड माणूस, लांब चढण, म्हणजे ती आतल्या आत जळते. पायडलजवळ बसणारी मोटर साखळीतून ओढते, म्हणजे सायकलीचे गिअर तिला मिळतात. चढणीला हलका गिअर टाकला की ती भाराला घाबरत नाही. पण एकट्या मोटरने भागत नाही. मागच्या चाकाला जाड तारा हव्यात, आणि ब्रेक चकतीचे, म्हणजे डिस्कचे हवेत. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. चढताना मोटर दगा देईल तर पायी जाल, उतरताना ब्रेक दगा देईल तर कुठे जाल?

तसं किट त्यांच्याकडे होतं, पण बसवायला एक दिवस हवा. माझा चेहरा पडला. त्यांनी शेडमागून स्वतःची सायकल काढली. दणकट, लांब कॅरिअरची, पायडलजवळ मोटर, जाड तारा. हिच्यावरून ते धक्क्यावरच्या होड्यांना डिझेलचे कॅन आणि बर्फाच्या लाद्या पोचवतात. मी नको-हो म्हणायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"बहीण उपाशी हाय ना? मग वाद नको. तुमची इथं ठेवा, ही घेऊन जा. परतताना बदलू."

दिघीच्या मागची खिंड मी बावीस वर्षं ओळखतो. पहिलं वळण, दुसरं वळण, मग सागवानं, मग श्वास संपतो. हलका गिअर टाकला. मोटरचा सूर वाढला पण ती कण्हली नाही. दुसरं वळण आलं, गेलं. गुडघा होता, पण आपला बाजूला बसून होता. माथ्यावर आलो तेव्हा मी उगाचच उतरलो आणि मोटरला हात लावून बघितला. कोमट. पुन्हा टांग मारली. उतारावर ब्रेक दाबला तशी सायकल निमूट थांबली. तिथल्या तिथे मी कासमभाईंना आशीर्वाद दिला, वयाने ते मोठे असूनही.

दिवेआगरात शिरलो तेव्हा साडेतीन झाले होते. वाड्यांमधला रस्ता ओला, दोन्ही बाजूंना शिंपणाचं पाणी, नव्या पोफळी आता घराच्या पन्हाळीएवढ्या उंच. आक्का फाटकाशी उभी होती. मी घंटी वाजवली. तिने आधी सायकलकडे बघितलं.

"ही तुझी नाही," ती म्हणाली.

पाटावर बसवून तिने मला ओवाळलं, तोंडात नारळाची वडी घातली, मग स्वतः पाणी प्यायली. पानात घावनं आणि नारळाचा रस होता, वेलची अगदी बेताची. आमच्या घरात हात चांगला तिचा आहे, मी नुसता धंदा करतो. जेवता जेवता जावईबापूंनी विषय काढला. माणूस सज्जन आहे, आवाज चढवत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की मामा, पुन्हा तसं वादळ आलं तर तुम्ही या गुडघ्यांनी खरंच पोचाल का?

मी सगळं सांगितलं. अलिबागचं दुकान, पंच्याण्णव, काशीदची करपलेली फोडणी, हिराताय, वाळूची पोती. एकशे एकवीस हा आकडा मी भरल्या पानावर, भाचीसमोर, मोठ्याने उच्चारला. नंदा हसून हसून लाल झाली. शेवटी मी म्हणालो, त्या वेळी दोन दिवस लागले. आता अशी मोटर माझ्या सायकलला लागली की बोट चालू असेल तर दुपारपर्यंत, नसेल तर वळशाने रात्र पडायच्या आत येईन. खांद्यावर मात्र घेता येणार नाही, जड आहे. झाडं पडली असली तर कोयता घेऊन येईन.

आक्का हसत नव्हती. ती पदराचं टोक चाळवत होती.

"मीही कमीच सांगते," ती म्हणाली. "तू फोनवर विचारतोस, वारा कसा आहे. मी म्हणते, काही नाही रे, नुसता वारा आहे. पोफळी हलायला लागल्या की मी पलंगाखाली जाऊन बसते. सहा वर्षं होत आली."

नंदाचा घास हातातच राहिला. तिला धीट समजून मी निर्धास्त झोपत होतो, मला पंच्याण्णवचा समजून मोटर चढण चढत होती. मी तिला म्हणालो, आक्का, हे आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, तू सांगितलंस का?

नंदा तेव्हा आईच्या शेजारी जाऊन बसली. पुण्याचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही. संध्याकाळी आम्ही चौघं वाडीत हिंडलो. आक्काने पहिल्या घडातली एक पिकली सुपारी तोडून जावयाच्या हातात ठेवली आणि ती कशी सोलायची ते दाखवलं. सकाळी निघताना जावईबापूंनीच सांगितलं, की पावसाच्या चार महिन्यांत आई आमच्याकडे, बाकी वर्षभर इथे. आक्काने यातला एक महिना घासाघीस करून कमी केला. वाडी राहिली, ती राहिली.

दिघीला माझी सायकल पायडलजवळची मोटर बसवून तयार होती. कासमभाईंनी जुनी मोटर कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाले, फेकू नका, वहिनींच्या सायकलला लावा. बायकोचं वजन मला माहीत नाही. विचारण्याचं धाडसही नाही. धक्क्यावर हिराताय होती. तिने मला मोटरवर येताना पाहिलं आणि बोट वर केलं, एकशेवीस. मी ओरडून सांगितलं, एकवीस. ती बाईमाणूस इतकी खूश झाली की पाव किलो सुका जवळा पानात बांधून दिला.

काशीदची चढण परत येताना दुसऱ्या अंगाने येते. ती मी बसून चढलो, टपरीपाशी उतरलोसुद्धा नाही. अंधार पडायच्या आधी चौलला घरी. बायकोने मोटर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तुला माहीत होतं तर दुकानात बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही तिथून तसेच उठला असता, आणि आक्का पुण्याला गेल्या असत्या. एवढं सगळं तिने त्या गप्प उभं राहण्यात मोजलं होतं.

हातपाय धुऊन मी आक्काला फोन लावला, पोचलो म्हणून सांगायला. मागे पानांची सळसळ ऐकू येत होती. मी विचारलं, वारा कसा आहे?

"आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "भीती चाळीस किलो. आज येऊ नकोस. शंभराच्या वर गेली की सांगते."

मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि बॅटरी चार्जिंगला लावली.